न आलेले नऊ

संपादकांचं पत्र आलं त्या सकाळी डॉक्टर भुवनेश्वर कटरे मोठ्या खुशीत होते. कुडव्याच्या रस्त्यावरचा त्यांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी टेबल आणि बाहेर बाकडं. पण त्या दोन खोल्यांत बसून त्यांनी एक लेख लिहिला होता आणि थेट पशुवैद्यकाच्या मासिकाकडे धाडला होता. गोंदियातून असं कोणी करतं का? नाही करत, म्हणून तर डॉक्टरांचे पाय महिनाभर जमिनीला लागत नव्हते. नागपूरच्या एका कंपनीने गोचिडांवर नवी गोळी काढली होती, कुत्र्याला महिन्यातून एकदा द्यायची. ती घरोघरच्या कुत्र्यांवर वापरून बघायचं काम डॉक्टरांकडे आलं. चाळीस कुत्र्यांना जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशा तीन गोळ्या फुकट वाटल्या आणि लेखात निकाल आला तो असा, की एकतीसपैकी एकतीस कुत्रे बरे झाले.

चाळिसांना देऊन एकतीसच कसे, हे विचारणारं दवाखान्यात कोणी नव्हतं. मासिकात होतं. संपादकांनी लेख परत पाठवला होता आणि सोबत तीनच ओळी लिहिल्या होत्या. सुरुवातीला किती कुत्रे घेतले, शेवटी किती उरले आणि मधले कुठे गेले, ते लेखात स्पष्ट लिहावं. त्याशिवाय छापता येणार नाही. उत्तर शनिवारपर्यंत पाठवावं.

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी रुचिकाला हाक मारली. रुचिका फुंडे दवाखान्याच्या नोंदी ठेवायची. बी.एस्सी. होऊन चार वर्षं घरी बसली होती, नोकरी लागून जेमतेम सहा महिने झाले होते आणि कामात तिचा जीव होता. कुत्र्यांचा तक्ता तिनेच आखला होता. त्यात तीन रकाने होते, बरा, तसाच आणि आला नाही. ‘मेला’ असा रकाना आखावा हे ना तिला सुचलं, ना डॉक्टरांना, ना कंपनीच्या माणसाला. गोचिडाच्या गोळीने कोणी मरतं का?

डॉक्टरांनी सांगितलं, की न आलेल्या नऊ जणांसमोर लिहून टाक, मालकांशी संपर्क होऊ शकला नाही. रुचिका म्हणाली, की आपण संपर्क केलाच नव्हता. डॉक्टर हसले आणि म्हणाले, मग कर आणि लिही. त्यांनी ते हात झटकायला म्हटलं होतं. पोरगी मात्र एकमार्गी. जे लिहायचं ते आधी खरं करावं आणि मग लिहावं, एवढंच तिला कळत होतं. शिवाय घाईही होती. सोमवारपासून आणखी साठ कुत्र्यांना हीच गोळी सुरू व्हायची होती आणि तिची खोकी दाराआड येऊन पडली होती.

त्या नऊ नावांत तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं. तिचं माणूस होतं ते बऱ्या झालेल्यांत, सतराव्या ओळीवर. गोवर्धन फुंडे, कुत्र्याचं नाव भुऱ्या. गोवर्धन म्हणजे तिचे बाबा. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली त्यांची तीन एकर धानाची जमीन. आई गेल्यापासून ते आणि भुऱ्या असे दोघंच तिथे राहायचे. रानडुकरांपासून धान राखायचं काम भुऱ्याचं, आणि दिवसभर बाबांचं बोलणं ऐकून घ्यायचं कामही त्याचंच. रुचिका गोंदियाला खोली घेऊन राहिली ती त्याच्याच भरवशावर. जुलैत तिने मोठ्या अभिमानाने गोळ्यांचा पुडा बाबांच्या हातात ठेवला होता. वाटलेल्या तीन गोळ्या संपल्या होत्या, म्हणून ऑक्टोबरची गोळीही तिने गेल्याच आठवड्यात गावच्या माणसासोबत पाठवली होती आणि बाबा ती रविवारी देणार होते.

मंगळवारी दुपारी ती पहिल्या नावाकडे गेली. मुन्नालालचं सायकलचं दुकान कुडवा नाक्याजवळच होतं. चाक पालथं घालून तो पंक्चर काढत बसला होता. कालू कसा आहे, असं तिने विचारलं तेव्हा त्याने मान वर केली नाही. कालू तर गेला, म्हणाला. दुसरी गोळी दिली आणि चौथ्या दिवशी गेला.

“दीवार को सिर लगा के खड़ा रहता था, मॅडम,” मुन्नालालने हातातली ट्यूब पाण्यात बुडवली. “हटाओ तो फिर वहीं जा के खड़ा. दो दिन ऐसाच. ना खाया, ना पानी पिया.”

मग सांगितलं का नाही, असं तिने विचारलं. मुन्नालाल ओशाळला. साहेबांनी बिचाऱ्यांनी फुकटात औषध दिलं, त्यांना जाऊन काय सांगायचं? कालूचं वयही झालं होतं म्हणा. एवढं बोलून तो पुन्हा पाण्यातले बुडबुडे बघायला लागला. रुचिकाच्या मनात पाल चुकचुकली. पण एका म्हाताऱ्या कुत्र्याचं काय ते, असं म्हणून तिने ती गप्प केली. रकाना नव्हता, म्हणून ‘मेला’ हा शब्द तिने समासात लिहिला.

दुसरं घर निवृत्त रेल्वे गार्डाचं. कुत्रा म्हातारा वगैरे नव्हता, चांगला तीन वर्षांचा दणकट अल्सेशियन. तोही गेला होता, ऑगस्टमध्येच. गार्डसाहेबांची खात्री होती, की शेजाऱ्याने विष घातलं. दोन महिने दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं आणि पोलिसांत जायच्या गोष्टी चालल्या होत्या. रुचिका निघाली तेव्हा ते तिला फाटकापर्यंत पोचवायला आले आणि त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवरचा एक डाग दाखवला. तिच्या गुडघ्याच्या थोडा वर, ओंजळीएवढा, तेलकट आणि मळका. तिथेच डोकं टेकून उभा असायचा, ते म्हणाले. चुना लावलाय एकदा, पण डाग पुन्हा वर येतो.

गाडी सुरू करायच्या आधी तिने बाबांना फोन लावला.

“बाबा, भुऱ्या कसा आहे?”

“बरा आहे. काऊन वो?”

“रविवारची गोळी देऊ नका त्याला. फेकून द्या ती.”

“बरं. नाई देत.”

काही विचारलं नाही, कारण मागितलं नाही. बाबा तसेच, मोजकं बोलणारे. रुचिकाच्या छातीवरचं ओझं उतरलं. भुऱ्या वाचला होता. तिने मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि उरलेल्या नावांकडे वळली.

बुधवारी तीन घरं झाली. एका घरचा कुत्रा जिवंत निघाला. मालक आळशी, दवाखान्यापर्यंत यायचा त्याला कंटाळा, एवढंच. तो कुत्रा शेपूट हलवत येऊन तिच्या पायाला अंग घासू लागला तेव्हा तिला त्याचा मुका घ्यावासा वाटला. बाकी दोन मेलेले होते. एक न्हाणीच्या भिंतीशी, दुसरा देवघराच्या दाराशी, तसेच डोकं लावून. दोन्ही घरांत तिने काही विचारायच्या आधीच लोकांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, पिकापाण्याचं विचारलं आणि कुत्र्याचा विषय निघाला तसे ते दुसरीकडे बघू लागले. जणू चूक त्यांच्याकडून झाली होती. मेलेल्या कुत्र्यापेक्षा रुचिकाला त्यांच्या त्या अदबीचीच भीती वाटू लागली.

गुरुवारी सकाळच्या घरचा कुत्राही तसाच गेलेला निघाला, आणि मग ती तिरोड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात नंदाबाईंकडे गेली. नंदाबाई पन्नाशीच्या, धानाची शेती करणाऱ्या घरातल्या. त्यांनी चहा ठेवला, पोहे ठेवले, सुनेच्या बाळंतपणाचं सांगितलं. अंगणातल्या खुंट्याला साखळी होती आणि तिच्यापुढे काही नव्हतं. रुचिकाने चहा संपवला आणि सरळच विचारलं, की ताई, कधी गेला?

“पोर्‍याच्या आधी हप्ताभर,” नंदाबाई म्हणाल्या. बैलपोळ्याचं त्या सांगत होत्या. “मोठा गुणाचा होता वो.”

“मग तुम्ही आम्हाला सांगितलं काऊन नाही?”

“सांगाचं कसं? साहेबानं पैसा घेतला नाई, चार मानसात आमाले खुर्ची देल्ली. त्याच्या दारात जाऊन तुही दवाई खाऊन मेला मनाचं का? बरं दिसते का ते? मनून आलोच नाई आमी.” त्या थोड्या थांबल्या आणि कपबशी उचलता उचलता म्हणाल्या, “तुमचा फोन आला असता, तं बरा आहे मनून सांगून देल्लं असतं.”

रुचिका उठली, नमस्कार केला, गाडीवर बसली. गावाबाहेर आल्यावर तिने गाडी उभी केली. तिने पिशवीतून तक्ता काढला आणि हँडलवर पसरला. जुलै–ऑगस्ट म्हणजे रोवणीचे, धानाची रोपं लावायचे दिवस. धानाच्या बांध्यांत चिखल झालेला असताना कुत्रा दाखवायला शहरात कोण येणार? म्हणून डॉक्टर म्हणाले होते, की लांबच्यांना फोन केला तरी चालेल. तिनेच केले होते ते फोन. एकामागून एक, संध्याकाळी बाकड्यावर बसून. कुत्रा कसा आहे? बरा आहे, मॅडम. आणि तिने लिहिलं, बरा. एकतीस बऱ्यांपैकी चौदा तसे फोनवरचे होते. सतरावी ओळही त्यांतलीच.

बरं. नाई देत. एवढंच म्हणाले होते बाबा. कारण विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने सुट्टीही मागितली नाही. तिरोडा मागे पडलं, वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या, तलावाची पाळ दिसू लागली. धान पोटरीतून बाहेर पडून पिवळं पडायला लागलं होतं आणि दोन्हीकडच्या शेतांत माणसं दिसत होती. एरवी तिच्या गाडीचा आवाज ओळखून भुऱ्या मोहाच्या झाडापर्यंत धावत यायचा आणि मग गाडीसोबत पळत घरापर्यंत जायचा. रुचिकाने झाडापाशी गाडी अगदी हळू केली. कोणी आलं नाही. असेल कुठे बांध्यात, ती स्वतःला म्हणाली, आणि ते खरं नाही हे तिला कळत होतं.

बाबा शेतातच होते. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून तेलाच्या रिकाम्या डब्याला दोरी बांधत होते. असे चार डबे त्यांनी शेताच्या चार कोपऱ्यांत आधीच टांगले होते. दोरी ओढली की डबे खडखडायचे आणि डुकरं पळायची. हे काम करायला घरात कुत्रा असताना कोणी डबे टांगत नाही. रुचिकाने ते डबे बघितले आणि ती बाबांच्या शेजारी खाली बसली.

“कधी?” तिने विचारलं.

बाबांनी दोरीची गाठ पूर्ण केली, दातांनी आवळली.

“दुसरी दवाई देल्ली त्याच्या पाचव्या दिवशी.”

“मी फोन केला तेव्हा...”

“तवा तं माती देऊन हप्ता झाला होता.”

ते कसं झालं ते बाबांनी हळूहळू सांगितलं. भुऱ्याने आधी पाणी प्यायचं सोडलं. मग मोहाच्या खोडाला डोकं लावून उभा राहिला. बाबांनी त्याला उचलून झोपडीत आणलं, की तो पुन्हा उठून झाडापाशी. हाक मारली तर कान हलवायचा, पण वळायचा नाही. शेवटी बाबा स्वतःच झाडाला टेकून बसले आणि त्याचं डोकं त्यांनी खोडावरून काढून आपल्या पोटाशी घेतलं. सबंध दिवस तसेच बसून होते. संध्याकाळी पोटावरचा त्याचा भार वाढला, तेव्हा त्यांना समजलं.

रुचिका रडली. रडताना तिला बाबांचा रागही आला, इतका, की त्यांचा खांदा धरून तिने त्यांना हलवलं.

“मला काऊन नाही सांगितलं, बाबा? मी काय परकी आहे? मी तुमच्या नावापुढे बरा लिहिलं. ते कागद नागपूरला गेले. आता आणखी साठ जण देणार आहेत ती गोळी.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे कोरडे होते, पण चेहरा दोन महिन्यांत म्हातारा झाला होता आणि तिने तो बघायला यायचे कष्ट घेतले नव्हते.

“चार वर्सं घरी बसली होतीस तू,” ते म्हणाले. “कामाले लागली, तं तुया तोंडावर हसू आलं. तुयाच हातची दवाई होती ते. त्यानंच मेला मनून तुले कसा सांगू, पोरी?”

संध्याकाळी जड मनाने ती परत निघाली. बाबा झाडापर्यंत पोचवायला आले आणि जपून जा म्हणाले. एवढंच.

शनिवारी दवाखाना उघडल्याबरोबर रुचिकाने तक्ता डॉक्टरांपुढे ठेवला. नऊपैकी सहा मेले, एक जिवंत, दोघांचे पत्ते सापडले नाहीत. आणि सतरावी ओळ. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. ते वाईट माणूस नव्हते. नुसते खुशीत होते, आणि खुशीतल्या माणसाला कमी दिसतं. आधी ते चिडले. गावाकडचे कुत्रे शंभर गोष्टींनी मरतात, साप, विष, ताप. मग म्हणाले, की लिहू आपण, सहा मेले म्हणून लिहू, गोळीचा संबंध सिद्ध नाही असंही लिहू. पण सोमवारचे साठ थांबवायचे म्हणजे कंपनीला काय सांगायचं?

“सर, सहा नाहीत. फोनवरचे चौदाही बघायला पाहिजेत.”

“तुझ्या बाबांचं वेगळं गं. पोरीचं मन राखायला म्हणाले ते. बाकीचे कशाला खोटं बोलतील?” त्यांनी तक्ता ओढून घेतला आणि फोनवाल्यांतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. तिरोड्याचा खेमराज, तीन वर्षांची पॉमेरेनियन जातीची कुत्री, शेरा बरी. “हे बघ, तुझ्यासमोरच विचारतो.”

त्यांनी नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन टेबलावर ठेवला. खेमराजने डॉक्टरांचा आवाज ओळखला आणि तो आनंदला. साहेब स्वतः फोन करतात म्हणजे काय! डॉक्टरांनी कुत्रीची चौकशी केली.

“मस्त आहे, साहेब. तुमच्या दवाईनं येकदम मस्त.”

डॉक्टरांनी रुचिकाकडे बघून हात पसरले. झालं समाधान? त्यांच्या चेहऱ्यावर पाच दिवसांनी पुन्हा जरा रंग आला होता. रुचिका टेबलावर वाकली.

“खेमराजभाऊ, मी दवाखान्यातून रुचिका बोलते. फोन जरा तिच्याजवळ न्या ना. तिचा आवाज ऐकायचा आहे.”

पलीकडे कुठेतरी नळाखाली बादली भरत होती, तिचा आवाज तेवढा येत होता. डॉक्टरांनी फोनच्या पडद्यावर बघितलं. फोन चालू होता, सेकंद पुढे जात होते. मग एका बाईचा आवाज आला, जरा लांबून, कंटाळलेला.

“सांगून टाका ना त्याईले आता.”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले होते, ते पुढे आले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फोनजवळ तोंड नेऊन अगदी हळू विचारलं, की खेमराजभाऊ, केव्हा गेली?

“दुसरी गोळी देल्ली त्याच्यानंतर, साहेब,” खेमराज म्हणाला. त्याचा आवाज गुन्हा कबूल करणाऱ्या माणसासारखा झाला होता. “मॅडमचा फोन आला, त्याच्या आदल्या दिवशी. माफ करा साहेब, तुमाले वाईट वाटन मनून बोललो नाई.”

रुचिकाला तो फोन आठवला. खेमराज छान बोलला होता. तिने कुत्रीला आणखी एक महिना गोळी द्यायला सांगितलं होतं, तो हो म्हणाला होता, आणि तिने त्याचे आभार मानून पुढचा नंबर फिरवला होता. डॉक्टरांनी फोन बंद केला. तक्त्यावरचं त्यांचं बोट घसरत खालच्या नावावर गेलं आणि तिथेच थांबलं. बाबांची सतरावी ओळ सोडली, तरी त्याच्याखाली आणखी अकरा नावं होती.